जुन्या व्हिडिओ गेमचा पुनरास्वाद : 'डाव' आणि 'हजेरी' या दोन क्रीडारूपांचा समीक्षात्मक विचार

सारांश : गेल्या दशकभरात जुन्या, साध्या व्हिडिओ गेमकडे खेळणाऱ्यांचा कल पुन्हा वाढलेला दिसतो. याचे कारण बहुधा स्मरणरंजन असे सांगितले जाते. हे कारण अपुरे आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. टेट्रिस, सुपर मारिओ ब्रदर्स आणि नोकियाच्या मोबाइलवरील साप या तीन गेमच्या रूपाचा विचार येथे मराठी सौंदर्यविचारातील काही संकल्पना व मराठी मैदानी खेळांची परिभाषा यांच्या आधारे केला आहे. मिरजगावसारख्या गावात हे गेम कोणत्या वाटेने पोचले, याचीही दखल त्या अनुषंगाने घेतली आहे.

बीजसंज्ञा : व्हिडिओ गेम, डाव, हजेरी, लयतत्त्व, सविकल्प समाधी, स्मरणरंजन, पाठभेद.

प्रस्तावना

मराठी समीक्षेने नाटक, तमाशा, चित्रपट यांचा विचार केला. दूरचित्रवाणीवरील मालिकांचीही तिने उशिरा का होईना दखल घेतली. व्हिडिओ गेमला मात्र तिने एकतर व्यसन म्हणून मानसशास्त्राच्या स्वाधीन केले, किंवा उद्योग म्हणून वाणिज्य शाखेच्या. एखादा गेम चांगला का आणि दुसरा सुमार का, हा साधा आस्वादाचा प्रश्न या दोहोंपैकी कोणीच विचारत नाही. वास्तविक तीन पिढ्यांच्या हातांनी हाताळलेले हे रूप आहे. त्याच्याविषयी 'मुलांचा वेळ वाया जातो' यापलीकडे काही बोलता येत नसेल, तर ती उणीव रूपाची नसून समीक्षेची होय.

हा प्रश्न आज नव्याने विचारण्यास एक निमित्त आहे. २०१६ मध्ये निन्टेंडो कंपनीने आपल्या १९८० च्या दशकातील यंत्राची तळहातावर मावेल अशी छोटी आवृत्ती ३० जुन्या गेमसह बाजारात आणली आणि ती दुकानांत टिकेनाशी झाली. पुढच्याच वर्षी नोकिया ३३१० हा मोबाइल सापाच्या गेमसह पुन्हा विक्रीस आला. शेकडो जुने गेम एकाच पोटात भरलेली स्वस्त हातयंत्रे आज शहरांतील पदपथांपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सर्वत्र मिळतात. चित्रपटासारखे दिसणारे, जगभरातील माणसांशी एकाच वेळी खेळता येणारे गेम खिशातल्या मोबाइलवर फुकट उपलब्ध असताना माणसे ठोकळे रचण्याकडे आणि साप वळवण्याकडे परत का येतात?

'बालपणीची आठवण' हे याचे सर्वांत सोपे उत्तर. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत : हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे आणि त्या हरवण्याचेच चिंतन करणारे. जुन्या गेमच्या बाजारात पहिल्या प्रकाराची चलती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने निन्टेंडोचा १९८९ चा टेट्रिस १५७ व्या पातळीपर्यंत नेला, तेव्हा गेमची आज्ञावली पुढे चालेना आणि पडदा गोठला. त्या मूळ यंत्रावर माणसाने टेट्रिसला शेवटापर्यंत नेल्याची ही पहिली नोंद. हा गेम त्या मुलाच्या जन्मापूर्वी दोन दशके निघालेला होता. ज्याला आठवणच नाही त्याला स्मरणरंजन कसले? त्याला जे मिळाले ते त्या रूपातच असले पाहिजे. प्रस्तुत विवेचन याच सूत्राने पुढे जाते.

'जुना' गेम म्हणजे कोणता?

गेमच्या इतिहासाची पुस्तके कालक्रम पुढीलप्रमाणे सांगतात. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा पाँग, १९७८ मध्ये टोमोहिरो निशिकादो यांचा स्पेस इन्व्हेडर्स, १९८० मध्ये तोरू इवातानी यांचा पॅकमॅन, १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी रचलेला टेट्रिस, १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स, १९९७ मध्ये नोकिया ६११० या मोबाइलवरील साप. हा क्रम टोकियो आणि कॅलिफोर्नियाचा आहे. मिरजगावचा नाही.

मिरजगाव हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील, नगर-सोलापूर रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव. तालुका अवर्षणप्रवण. अशा गावांच्या वाट्याला नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांचे युग जवळजवळ आलेच नाही; आले ते जत्रेतल्या एखाद्या पालापुरते. निन्टेंडोचे मूळ यंत्र तर भारतात सर्वदूर कधी पोचलेच नाही. पोचल्या त्या त्याच्या स्वस्त, विनापरवाना प्रतिकृती. त्यांना 'टीव्ही गेम' म्हणत. नियंत्रकाला 'रिमोट' म्हणत आणि गेमच्या पेटीला 'कॅसेट'. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारावयाची आणि पुन्हा बसवावयाची, हा विधी भारतभर एकच होता. (फुंकरीने ओलावा जाऊन उलट तारा गंजतात, चालायचे ते पुन्हा बसवण्यामुळे. परंतु विधींना कारण विचारावयाचे नसते.) या कॅसेटवर हजारो, कधी लाखो गेम असल्याचा आकडा छापलेला असे. आत मोजके पाच-दहा गेम निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत.

परिणामी १९८५ चा मारिओ ग्रामीण महाराष्ट्रात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि २००० नंतरही 'नवा' म्हणूनच खेळला गेला. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० हा मोबाइल जगभर २५ कोटींहून अधिक विकला गेला. विजेरी असलेला, धुळीला दाद न देणारा हा मोबाइल घरोघर आला तेव्हा साप हा अनेकांचा पहिलाच गेम ठरला. २०१६ नंतर स्वस्त डेटा आणि स्मार्टफोन यांच्याबरोबर इतर सर्व गेम एकदम आले. पाश्चात्त्य खेळाडूला जे टप्पे चाळीस वर्षांत अनुभवता आले ते येथे पंधरा-वीस वर्षांत एकमेकांवर चढून आले. म्हणून 'जुना' हे विशेषण येथे सनावळीने ठरवता येत नाही. ते गेमच्या रचनेवरून ठरवावे लागते, आणि असे ठरवणेच समीक्षेच्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे.

आणखी एक स्थानिक घटक विचारात घ्यावा लागतो, तो म्हणजे भारनियमन. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसातले अनेक तास वीज नसे. मारिओच्या कॅसेटमध्ये प्रगती साठवण्याची सोय नव्हती; वीज गेली की आठव्या जगापर्यंत पोचलेला खेळाडू पुन्हा पहिल्या जगाच्या पहिल्या पायरीवर. पेन्सिल सेलवर चालणारे 'ब्रिक गेम' हे हातयंत्र आणि नोकियाचा साप यांना मात्र वीज गेल्याचे सोयरसुतक नव्हते. निन्टेंडोचे अभियंते गुनपेई योकोई यांचे धोरण असे होते की, अत्याधुनिक तंत्रामागे न धावता स्वस्त आणि मुरलेले तंत्रच नव्या दृष्टीने वापरावे. १९८९ चा त्यांचा गेम बॉय रंगहीन होता, पण चार सेलवर दीर्घकाळ चाले. पुढच्या वर्षी आलेला सेगा कंपनीचा रंगीत प्रतिस्पर्धी सहा सेल काही तासांत संपवी. योकोईंच्या धोरणाचे मर्म समजावून सांगण्याची गरज भारनियमनाच्या गावाला कधीच नव्हती.

डाव आणि हजेरी

जुन्या आणि नव्या गेममधील भेद सामान्यतः चित्रांच्या दर्जावरून केला जातो. तो वरवरचा आहे. खरा भेद दाखवण्यासाठी मराठीतच एक शब्द तयार आहे : डाव. डाव मांडला जातो, रंगतो, कधी मोडला जातो, आणि संपतो. या शब्दाबरोबर येणारे प्रत्येक क्रियापद आरंभ आणि शेवट गृहीत धरते. विटीदांडू, आट्यापाट्या, लगोरी यांपासून पत्त्यांपर्यंत सर्वत्र डाव हेच खेळाचे एकक होय. योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये क्रीडेची व्याख्या करताना तिच्या स्थळकाळाच्या मर्यादेवर भर दिला. मराठी बोलणाऱ्या पोराला ही मर्यादा 'डाव' या दोन अक्षरांतच मिळालेली असते.

जुना व्हिडिओ गेम हा नेमका डाव आहे. काँट्रा या गेममध्ये खेळाडूला तीन 'लाइफ' मिळतात. त्या संपल्या की पडदा तसे सांगतो. एक लाइफ गेली की रिमोट दुसऱ्याच्या हाती, ही रीत पोरांनी स्वतःच बसवली. ती गेममध्ये लिहिलेली नव्हती, अंगणातून आली होती. राज्य घेणे, भिडू निवडणे, रडीचा डाव खेळणाऱ्याला धुडकावणे, धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून न बाद होणारा गडी करून घेणे या सगळ्या रीतींसह. गेम संपत असे म्हणूनच त्याला पाळी लावता येई. जे संपत नाही त्याची पाळी कशी येणार?

बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये खेळाची व्याख्या अशी केली की, अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. यातील 'स्वेच्छा' हा घटक आजच्या बहुसंख्य मोबाइल गेममध्ये पातळ झालेला आढळतो. २०१२ च्या कँडी क्रश सागा या गेममध्येही 'लाइफ' आहेत, पाच. परंतु त्या संपल्या की डाव संपत नाही. तो थांबवून ठेवला जातो. दर ३० मिनिटांनी एक लाइफ परत येते, आणि वाट पाहावयाची नसेल तर पैसे मोजता येतात. काँट्रामधील लाइफ हे कौशल्याचे माप होते. येथे ती उधारीची मुदत आहे. शब्द तोच राहिला, त्याच्यामागचा व्यवहार पालटला.

पुढे रोज हजर राहिल्याबद्दल बक्षीस, सलग सात दिवस हजर राहिल्याबद्दल मोठे बक्षीस, एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, हंगाम संपण्यापूर्वी पुरी करावयाची कामे, असा सगळा संभार येतो. याला डाव म्हणता येत नाही. ही हजेरी आहे. १९७२-७३ च्या दुष्काळापासून रोजगार हमीची कामे पाहिलेल्या तालुक्यांत हजेरीपट हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हजेरीपटावर नाव लागले तर मजुरी, नाही लागले तर नाही. फरक इतकाच की, तेथे हजेरी लावणाऱ्याला पैसे मिळतात. येथे हजेरी लावणाऱ्याकडूनच, आज ना उद्या, ते घेतले जातात. अशा गेममध्ये वाईट खेळण्यापेक्षा न खेळणे हा मोठा अपराध ठरतो. मैदानी खेळात 'आज नको' म्हणणाऱ्या भिडूवर कोणी दंड बसवल्याचे ऐकिवात नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या गेमवर बंदी घातली. ती योग्यच होय. परंतु या कायद्याचा आधार पैसा हा आहे. पणाला लावलेला वेळ आणि लावून घेतलेली हजेरी हे त्याच्या कक्षेत येत नाहीत, येणे अवघडही आहे. रचनेतील या दोषाचा विचार कायद्याने नव्हे, आस्वादानेच करावा लागेल. आणि जुन्या गेमकडे परतणारा खेळाडू तो विचार अंगठ्यांनी करीत असतो. त्याला हवे असते ते हरण्याचे आणि हरून उठून जाण्याचे स्वातंत्र्य.

ठोकळ्यांची लय

डाव संपतो एवढ्यानेच तो चांगला होत नाही. अनेक जुने गेम संपतात आणि तरीही कंटाळवाणे आहेत. तेव्हा रूपाकडे वळले पाहिजे, आणि त्यासाठी टेट्रिसइतके निर्भेळ उदाहरण नाही. दहा चौकोन रुंद व वीस चौकोन उंच अशी विहीर. चार चौकोनांच्या जोडणीचे सात आकार. ते एकेक करून वरून उतरतात, फिरवता येतात, सरकवता येतात. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. ठोकळे वरच्या काठाला टेकले की डाव संपतो. कथा नाही, पात्र नाही, उपदेश नाही.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा उलगडा लयतत्त्वाने केला व संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम मानले. त्यांच्या विचारावर मुख्य आक्षेप असा येत राहिला की, साहित्यासारख्या अर्थाने भरलेल्या कलेला तो अपुरा पडतो. टेट्रिसमध्ये अर्थाची ही अडचणच उरत नाही. येथे खाचेत बसणारा ठोकळा म्हणजे संवाद, न बसणारा म्हणजे विरोध, आणि विहिरीची डावी-उजवी बाजू सारख्या उंचीवर राखणे म्हणजे समतोल, हे कोणत्याही ओढाताणीशिवाय दाखवता येते. मर्ढेकरांच्या नियमांना चोख लागू पडणारी वस्तू त्यांच्या निधनानंतर २८ वर्षांनी मॉस्कोतील एका संगणक केंद्रात तयार झाली.

परंतु हे साम्य येथेच थांबवले तर टेट्रिसचे वैशिष्ट्य निसटते. मर्ढेकरांची सौंदर्यवस्तू सिद्ध झालेली, समोर ठेवता येणारी असते. टेट्रिसमध्ये संवाद साधला की तो दिसेनासा होतो. पूर्ण झालेली ओळ पडद्यावर राहत नाही; राहतात ती भोके, अडलेले ठोकळे, फसलेले बेत. म्हणजे खेळाडूसमोर सतत उभा असतो तो केवळ विरोध, आणि सौंदर्याचा अनुभव येतो तो विरोध मिटण्याच्या क्षणभराच्या क्रियेत. तयार झालेली वस्तू पाहण्याचा आनंद आणि वस्तू विरघळताना पाहण्याचा आनंद हे भिन्न आहेत. रांगोळी घालणाऱ्या हातांना हा दुसरा आनंद परिचित आहे. सौंदर्यशास्त्राने मात्र त्याला फारशी जागा दिलेली नाही. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताला गेमचा आधार मिळतो तसाच गेमकडून त्याला हा प्रश्नही विचारला जातो.

टेट्रिसच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्यांतील एक बारीक फरकही येथे नोंदवण्याजोगा आहे. आजच्या अधिकृत आवृत्त्यांत सातही आकार जणू एका पिशवीतून काढले जातात. पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुन्हा भरत नाही, त्यामुळे उभी काठी फार काळ रुसून बसत नाही. १९८९ च्या आवृत्तीत असे आश्वासन नव्हते. काठीची वाट पाहत चार ओळींची तयारी करून बसलेल्या खेळाडूला ती दीर्घकाळ न येण्याची शक्यता होती. पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखाला ही परिस्थिती नवी नाही. नवा टेट्रिस अधिक न्यायी आहे आणि बहुतेक दृष्टींनी अधिक चांगलाही. तरी जुन्यात एक ताण आहे तो असा की, पेरणी करून ठेवावी की हाताशी आहे तेवढ्यावर भागवावे, हा निर्णय प्रत्येक ठोकळ्याला नव्याने घ्यावा लागतो.

मारिओ, साप आणि सविकल्प समाधी

न. चि. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात काव्यानंदाची उपपत्ती सविकल्प समाधी या संज्ञेने मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडत नाही. या द्विविध अवस्थेत आनंद आहे, असे तिचे थोडक्यात स्वरूप. वाचनापेक्षाही ही संज्ञा व्हिडिओ गेमला अधिक शब्दशः लागू पडते. खड्ड्यात मारिओ पडतो आणि खेळाडू म्हणतो, 'मेलो!' त्याच वेळी बोटाला ठाऊक असते की, बटण क्षणभर उशिरा सोडले.

नवे गेम ही समाधी साधण्यासाठी पात्राला घाम, सुरकुत्या आणि दुःखद भूतकाळ देतात. मारिओला यांपैकी काही नाही. सुरुवातीचा छोटा मारिओ १६ बिंदू उंच आहे. त्याला मिशी दिली गेली ती तोंड रेखाटण्याइतके बिंदू नव्हते म्हणून. टोपी दिली गेली ती केस हलते दाखवणे कठीण म्हणून. सगळा गेम सुमारे ४० किलोबाइटचा, म्हणजे आज मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राहून कितीतरी लहान. त्यात आठ जगे आणि ३२ टप्पे बसवले आहेत. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती आहे, रंग तेवढा बदललेला.

या काटकसरीचा परिणाम पहिल्या टप्प्याच्या आरंभी पाहावा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. कोणतीही सूचना नाही. उजवीकडे जावे, हे त्या मोकळ्या जागेनेच सांगितले. थोड्या अंतरावर पहिला शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरण, पण तोटा काही पावलांचाच. वर प्रश्नचिन्हाची विट. तिला डोके लागले तर अळंबी निघते, नळीवर आपटते आणि उलटी फिरून खेळाडूकडेच येते. तीस-चाळीस सेकंदांत खेळाडू गेमचे व्याकरण शिकतो आणि आपण शिकलो हे त्याला कळतही नाही. इंग्रजी अक्षर न वाचता येणाऱ्या ग्रामीण मुलाला हा गेम कोणाच्याही मदतीशिवाय समजला, याचे रहस्य येथे आहे. आज बोटाचे चित्र दाखवून 'येथे दाबा' असे पंचवीस वेळा सांगणाऱ्या गेमशी याची तुलना केली तर साधेपणा हा दारिद्र्याचा पर्याय नसून शिस्तीचा परिणाम होता, हे ध्यानात येते.

सापाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. त्याचा शोध नोकियाचा नव्हे, मूळ कल्पना १९७६ च्या ब्लॉकेड या यंत्रातली. परंतु चार दिशांच्या बटणांवर आणि अंगठ्याएवढ्या पडद्यावर ती जितकी शोभली तितकी मूळ यंत्रातही शोभली नसावी. या गेममध्ये शत्रूच नाही. खाल्ले की वाढ, आणि वाढले की स्वतःचीच शेपटी आड येते. यशाचीच अडचण होत जाण्याचे इतके कमी रेषांतले चित्र अन्यत्र सापडणे कठीण.

काही आक्षेप

वरील विवेचनावरून जुने ते सोने असा समज होऊ नये. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा कठीणपणा बऱ्याच वेळा कलेतून नव्हे, गल्ल्यातून आला होता. खेळाडू लवकर मेला तरच पुढचे नाणे पडे. म्हणजे लोभ त्याही काळी होताच. फरक असा की, तो डावाच्या दारात उभा राहून पैसे घेई. आजचा लोभ डावात शिरून बसतो. स्पेस इन्व्हेडर्समधील शत्रू संख्येने कमी होताच वेगाने चालू लागतात, ही गोष्ट रचनाचातुर्याची म्हणून नावाजली जाते. तिचे मूळ मात्र प्रक्रियकाच्या दुबळेपणात आहे. चित्रे कमी झाली की त्याचे ओझे हलके होई. निशिकादो यांचे श्रेय ते वेगवाढ करण्यात नाही, ती तशीच राहू देण्यात आहे. मर्यादेने आपोआप कला घडत नाही. त्याच काळात, त्याच मर्यादेत निघालेले शेकडो रद्दी गेम विस्मृतीत गेले, ते योग्यच झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या गेमच्या आठवणी बहुधा पुरुषांच्याच आहेत. जत्रेतला पाल, बसस्थानकाजवळचे व्हिडिओ गेमचे दुकान, तासावर पैसे घेणारे सायबर कॅफे ही मुलग्यांची ठिकाणे होती. मुलींना तेथे मज्जाव लिहिलेला नसला तरी पाळला जात असे. घरातल्या टीव्ही गेमचा रिमोटही आधी भावाच्या हाती. ही कोंडी काही अंशी फोडली ती वडिलांच्या किंवा भावाच्या नोकियाने. साप खेळण्यासाठी घराबाहेर पडावे लागत नव्हते. डावाचे गुणगान करताना त्या डावात कोणाला घेतले जात नव्हते, हे सांगितले नाही तर समीक्षा बॉइम यांनी सांगितलेल्या पहिल्या प्रकारच्या स्मरणरंजनातच जमा होईल. रॉजर कायवा यांच्या १९५८ च्या ग्रंथातील स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ ही क्रीडेची चतुर्विध विभागणी गेमच्या अभ्यासात सर्रास वापरली जाते. खेळाच्या जागेवर मालकी कोणाची, हा प्रश्न तिच्यात बसत नाही.

पाठभेदांचा प्रश्न

२०२३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ज्या देशात मूळ यंत्रे विकली गेली तेथील ही अवस्था. ज्या मुलखात प्रतिकृतीच पोचल्या, तेथील गणती कोणी सुरूही केलेली नाही.

अधिकृत पुनर्प्रकाशनांतून परत येतो तो टोकियोचा मारिओ. महाराष्ट्रातील खेड्यांत खेळला गेलेला मारिओ अनेकदा वेगळा होता. कोठे पहिल्या पडद्यावरून निर्मात्या कंपनीचे नाव पुसलेले, कोठे रंग पालटलेले. काँट्राच्या एखाद्या प्रतीत तीनऐवजी तीस लाइफ सुरुवातीलाच बहाल केलेल्या, एखाद्या प्रतीत खेळ मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारा. अज्ञात हातांनी केलेले हे फेरफार म्हणजे हस्तलिखितांच्या अभ्यासकांच्या परिभाषेत पाठभेद होत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पाठभेदांची जी उतरंड लावली, तिची पद्धत मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. ठोकळ्यांच्या आणि उड्यांच्या या लोकवाङ्मयाला ती लावण्याची कल्पना प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु नकलाकारांनी केलेले बदल, प्रक्षिप्त भाग, नामांतरे, एकाच मजकुराची अनेक शीर्षके ही सारी लक्षणे दोन्हीकडे आढळतात.

कामात अडचण आहे ती साधनांची. पोथीला निदान पुष्पिका असते. लेखकाचे नाव, शक, गाव यांपैकी काहीतरी तीत मिळते. प्लास्टिकची कॅसेट उघडली असता हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरी थेंबाखाली झाकलेली चकती दिसते. तिच्यावर क्रमांक नसतो, साल नसते, कारखान्याचे नाव नसते. बाहेरच्या चिकटपट्टीवर मारिओचे चित्र आणि न मोजता येणाऱ्या गेमचा आकडा एवढाच काय तो लेख. अशा कॅसेट आजही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या रिमोटांच्या गुंडाळलेल्या वायरींबरोबर पडून आहेत. त्यांपैकी किती चालतात, हे फुंकर मारून बसवल्याशिवाय कळणार नाही.